ऑनलाइन ई-टाइप घेताय? आधी नंबर कुठे ठोकलाय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६७ ची जॅग्वार ई-टाइप, सिरीज वन, ४.२ लिटर कूपे (बंद छताची), लेफ्ट हँड ड्राइव्ह, ऑनलाइन जाहिरातीत सापडली. विकणारा दुसऱ्या देशात, फोटो चाळीसेक, वर्णनात ‘फुल्ली ओरिजिनल, मॅचिंग नंबर्स, फुल्ली रिस्टोर्ड’ (मॅचिंग नंबर्स म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स वगैरेंवरचे नंबर फॅक्टरीच्या नोंदीशी जुळणारे), सोबत हेरिटेज सर्टिफिकेटचा फोटो, आणि रविवारपर्यंत टोकन आलं नाही तर म्हणे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. गाडी अस्सल आहे की नाही हे घरबसल्या कसं ओळखायचं?

टोकन देऊ नका, एवढं आधी. बाकीचं सावकाश वाचा.

मी गेली बावीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स गाड्या उघडतोय, जोडतोय आणि लोकांसाठी तपासून देतोय, त्यात ब्रिटिश गाड्या जास्त, अमेरिकन बऱ्यापैकी, इटालियन मोजक्याच. एवढ्या वर्षांत एक सवय लागलीय, गाडी बघायच्या आधी जाहिरात बघायची. ‘फुल्ली ओरिजिनल’ आणि ‘फुल्ली रिस्टोर्ड’ एका गाडीत नांदत नाहीत हो. ओरिजिनल म्हणजे रंग, लेदर, पत्रा फॅक्टरीतून निघाला तसाच, फार तर गरजेपुरता हात लागलेला. रिस्टोर्ड म्हणजे सगळं सुटं करून पुन्हा उभं केलेलं. दोन्ही चांगलं असू शकतं पण दोन्ही एकदम नसतं. विकणारा खोटारडाच असेल असं नाही, बरेचदा त्याने मागच्या मालकाचीच जाहिरात उचलून चिकटवलेली असते आणि त्यालाही फरक माहीत नसतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्याचं म्हणणं सुटं सुटं करून त्याच्याकडून लिहून घ्या. इंजिन तेच का? गिअरबॉक्स तोच का? सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, तोच का? बॉडी तीच का, की नवीन शेल घातलंय? रंग पहिल्यापासून हाच का? स्टेअरिंग पहिल्यापासून याच बाजूला का? प्रत्येकाला हो, नाही, किंवा माहीत नाही. ‘माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे, ते चालतं. मला ‘ऑल ओके सर’ वाल्याची भीती वाटते. एकदा हे लिहून आलं की तुम्हाला अख्खी गाडी नाही, हे सहा-सात दावे तपासायचे असतात, आणि प्रत्येक दाव्यासाठी असा पुरावा शोधायचा असतो ज्याला विकणाऱ्याचा हात लागलेला नाही.

अस्सल म्हणजे काय यावर तर कोर्टात भांडणं झालीत. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात तिला, १९९० साली इंग्लंडच्या हायकोर्टात पोचली कारण घेणारा म्हणाला ही ती गाडीच नाही, हिच्यात जिंकलेल्या गाडीचं उरलंय काय. आणि खरंच फार थोडं उरलं होतं, मधल्या वर्षांत चेसिस, बॉडी, इंजिन बरंच बदलत गेलं होतं. न्यायाधीशांनी सांगितलं की हिला ओरिजिनल म्हणता येणार नाही, पण हिचा इतिहास कुठेच तुटलेला नाही, एका गाडीची दुसरी गाडी कधी झाली नाही, म्हणून ही अस्सल. मला हा निकाल आवडतो, कारण आमच्या धंद्यातही शेवटी बघायचं तेच असतं, ओळखीची साखळी कुठे तुटलीय का. पार्ट बदलणं वेगळं आणि एका गाडीचा नंबर काढून दुसरीला लावणं वेगळं.

आता तुमच्या ई-टाइपकडे येतो.

ई-टाइपची गंमत (किंवा डोकेदुखी) अशी की तिचा चेसिस नंबर ज्या भागावर ठोकलेला असतो तो भाग बोल्टने काढता येतो. मधली बॉडी मोनोकॉक (म्हणजे वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच भार पेलते) आणि तिच्या पुढे नळ्यांच्या फ्रेम बोल्टवर, त्यांच्यावर इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन. या फ्रेममधल्या सगळ्यात पुढच्या चौकटीला पिक्चर फ्रेम म्हणतात आणि नंबर तिच्यावर, उजव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या माउंटिंगच्या वर पंच केलेला असतो. या फ्रेम गंजतात, अपघातात वाकतात, आणि नवीन मिळतात, कोऱ्या, नंबर न टाकलेल्या. त्यामुळे अगदी सरळ माणसाच्या गाडीतही नंबर नव्या फ्रेमवर पुन्हा ठोकलेला असू शकतो, आणि वाकड्या माणसाच्या हातात कोरी फ्रेम म्हणजे काय ते तुम्हीच समजा. शिवाय बॉनेटखाली रिव्हेटने बसवलेली माहितीची प्लेट असते ज्यावर चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी असे नंबर असतात. अशा प्लेटा हुबेहूब नव्या बनवून मिळतात. जाहिरातीत नेमका प्लेटचाच चकचकीत फोटो असेल आणि फ्रेमवरच्या नंबरचा नसेल तर तो फोटो नसल्यातच जमा धरा.

नंबर वाचायचा कसा? ४.२ लिटरच्या सिरीज वन गाड्यांचा चेसिस नंबर ‘१ई’ ने सुरू होतो, आणि लेफ्ट हँड कूपेची मालिका १ई३०००१ पासून आहे. राइट हँड कूपे १ई२०००१ पासून, लेफ्ट हँडची उघडी गाडी १ई१०००१ पासून, टू प्लस टू (मागे दोन छोट्या सीट असलेली) लेफ्ट हँड असेल तर १ई७५००१ पासून. म्हणजे जाहिरातीत लेफ्ट हँड कूपे आणि नंबर १ई२ ने सुरू होत असेल तर स्टेअरिंग फिरवलेलं आहे, किंवा नंबर या गाडीचा नाही. सिरीज टूचा नंबर ‘१आर’ ने सुरू होतो. इंजिन नंबर सिरीज वन ४.२ चा ‘७ई’ ने, शेवटी डॅश देऊन ८ किंवा ९, ते कॉम्प्रेशन रेशो. एवढ्यावर अर्धे ठग गळतात, खरं सांगतो, कारण त्यांनी चोरलेल्या फोटोतल्या गाडीला मनानेच नंबर दिलेला असतो.

एक जाता जाता: ते सतरा अक्षरी नंबरवाले ऑनलाइन डिकोडर इथे चालवू नका. सतरा अक्षरांची पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून आली, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली रीत. साइट ‘इनव्हॅलिड’ म्हणाली म्हणून गाडी बोगस ठरत नाही. मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी या कारणाने घाबरून फोन करतं.

सर्टिफिकेटचं काय? जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं सर्टिफिकेट खरं असेल तर ते फॅक्टरीच्या जुन्या रजिस्टरमधून उतरवलेलं असतं. गाडी कधी बनली, कधी निघाली, कुठल्या डीलरकडे गेली, रंग, आतलं ट्रिम, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांचे नंबर. सोन्यासारखी माहिती. पण ते देणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेली नसते! त्या नंबरची गाडी जन्माला आली तेव्हा कशी होती एवढंच तो कागद सांगतो, समोर उभी असलेली गाडी तीच आहे असं सांगत नाही. जन्मदाखला हातात आहे म्हणजे हातात धरणारा तोच माणूस आहे असं थोडंच असतं. फेरारीच्या क्लासिके विभागाचं सर्टिफिकेशन वेगळं, तिथे गाडीची चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स प्रत्यक्ष तपासतात. दोन्हीला लोक सर्टिफिकेटच म्हणतात आणि घोळ तिथे होतो.

आणि सर्टिफिकेटचा फोटो मिळाला की तो पुरेसा मानू नका, पीडीएफ एडिट करायला पोरांना पाच मिनिटं लागतात. चेसिस नंबर हातात आला की स्वतः त्या संस्थेशी बोलून तुम्ही काय पडताळून घेऊ शकता ते विचारा.

इथे माझी एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी ४.२ ची उघडी ई-टाइप तपासली होती, फोटोंवरून आणि मग तासभर प्रत्यक्ष. सर्टिफिकेट खरं, फ्रेमवरचा नंबर बरोबर, ब्लॉकवरचा इंजिन नंबर सर्टिफिकेटशी आकडा न आकडा जुळणारा. मी मान डोलावली. पुढे ऑइल लीकसाठी इंजिन खाली घेतलं, ब्लॉकवरचा रंग धुतला, तर नंबराभोवतीची जागा किंचित खोलगट, ग्राइंडरने घासून वर नवा नंबर ठोकलेला. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे जॅग्वारच्या या एक्सके इंजिनात नंबर ब्लॉकवर असतो तसा सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूलाही असतो, तो भलताच निघाला, जाड रंगाच्या थराखाली व्यवस्थित झाकलेला. मी हेडचा नंबर बघितलाच नव्हता! फी परत केली, पण त्याने काय होतं, गाडीची किंमत ज्या शब्दावर ठरली होती तो शब्दच खोटा होता. तेव्हापासून मी कुठलाही नंबर एकटा बघत नाही. हेड बदललेलं असू शकतं, हेड तडकतं, लोक दुसरं टाकतात, त्यात गुन्हा नाही, पण मग विकणाऱ्याने तसं सांगायला पाहिजे.

तर पुन्हा ठोकलेला नंबर ओळखायचा कसा. त्या काळात बऱ्याच कारखान्यांत आकडे हाताने एकेक ठोकत, त्यामुळे ओळ जराशी नागमोडी, एखादा आकडा खोल एखादा उथळ, हे चालतं, उलट सगळे आकडे एकसारखे छापल्यासारखे दिसले तर मी थांबतो. आकड्यांची धाटणी बघा, ७ चा पाय सरळ की वाकडा, १ ला टोपी आहे की नाही, ४ उघडा की बंद, आणि त्याच वर्षाच्या दोन-चार खात्रीच्या गाड्यांच्या फोटोंशी जुळवा, त्या गाडीच्या क्लबवाल्यांकडे असे फोटो खूप असतात आणि ते आनंदाने दाखवतात. नंबराच्या आजूबाजूचा पृष्ठभाग आकड्यांपेक्षा जास्त बोलतो. अमेरिकन शेव्हरोलेच्या व्ही-एट ब्लॉकवर नंबराची जी सपाट पट्टी असते तिच्यावर फॅक्टरीच्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेषा पुढून मागे गेलेल्या दिसतात. पट्टी घासून पुन्हा नंबर टाकला की या रेषा जातात किंवा आडव्या-गोल ओरखड्यांत हरवतात. मात्र घाई नको, इंजिन रीबिल्ड करताना डेक (ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग) मशीन केला तरी त्या रेषा जातात. रेषा नाहीत म्हणून लगेच चोर म्हणू नका, पण रेषा नाहीत आणि नंबर मात्र ताजा आणि खणखणीत, तर मग तो नंबर मशीनिंगनंतर आला कुठून हे विचारा.

ब्लॉकवर ओतीव तारीखही असते आणि ती बदलणं नंबर ठोकण्यापेक्षा खूप अवघड. शेव्हरोलेत महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. फोर्डमध्ये उलट, आधी वर्ष, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस, ‘५सी१४’ म्हणजे १४ मार्च १९६५, आणि फोर्डवाले महिन्यांत ‘आय’ अक्षर वगळतात म्हणून सप्टेंबर ‘जे’ होतो. नियम साधा: ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग गाडी बनते. ओतल्याची तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या काही आठवडे ते दोन-तीन महिने आधीची असावी. नंतरची असेल तर विषय संपला. वर्षभर आधीची असेल तर स्पष्टीकरण लागतं. असंच काचा, चाकं, कार्ब्युरेटर, सीट बेल्ट यांवरच्या तारखांचं. सगळ्या काचा जुन्या तारखेच्या आणि एकच नवी, तर कधीतरी फुटली एवढंच. सगळ्याच नव्या तारखेच्या, तर गाडी उलटली होती का हे मी सरळ विचारतो.

ई-टाइपवर परत. १९६७ हे वर्ष जरा नाजूक आहे. सिरीज वनची ओळख म्हणजे हेडलाइटवर काचेची झाकणं, पुढे हवा घ्यायचं लहान तोंड, मागचे दिवे बंपरच्या वर, डॅशबोर्डवर टॉगल स्विच आणि एसयू कंपनीचे तीन कार्ब्युरेटर. १९६७ मध्येच हेडलाइटची झाकणं गेली आणि मग १९६८ मध्ये सिरीज टू येईपर्यंत मधल्या गाड्या निघाल्या ज्यांना लोक ‘दीड’ म्हणतात. या दीडच्या गाड्यांचा चेसिस नंबरही १ई नेच सुरू होतो! म्हणजे दीडच्या गाडीला झाकणवाले हेडलाइट आणि टॉगल स्विच लावून सिरीज वन म्हणून विकणं सिरीज टूपेक्षा सोपं, नुसत्या सुरुवातीच्या अक्षरांवरून ती पकडली जात नाही. त्यासाठी पूर्ण नंबर मालिकेत कुठे बसतो आणि रजिस्टरमध्ये बनल्याची तारीख काय, हे जुळवावं लागतं. अमेरिकेत गेलेल्या उशिराच्या दीड गाड्यांना आणि सिरीज टूला स्ट्रॉमबर्ग कंपनीचे दोनच कार्ब्युरेटर होते, तिथे आता तीन एसयू दिसत असतील तर कुणीतरी नंतर बसवलेत, गाडी पळते छान त्याने, पण वर्णनात तसं पाहिजे. शिवाय नोंदणीच्या कागदावरचं वर्ष हे बरेचदा विकली गेल्याचं वर्ष असतं, बनल्याचं नाही, तेव्हा ‘१९६७’ हे नेमकं कुठून आलं तेही विचारून घ्या.

तुमची गाडी ई-टाइप आहे म्हणून नशीबवान म्हणायचं, कारण बनावट ई-टाइपमध्ये निदान ई-टाइप तरी असते. बाकी ठिकाणी साध्या मॉडेलवर महागड्या मॉडेलचा मुखवटा हाच मोठा धंदा आहे. १९६४-६५ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही पॉन्टिअ‍ॅकच्याच ल मान्स नावाच्या मॉडेलवरचं ऑप्शन होती, ६५ मध्ये चेसिस नंबर दोघींचा २३७ नेच सुरू, नंबरवरून काही कळत नाही, १९६६ पासून मात्र जीटीओला स्वतःचा २४२ मिळाला. म्हणून ६५ ची जीटीओ घेताना पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडचे फॅक्टरीचे कागद मागायचेच. १९६९ ची कॅमारो झेड-२८ तशीच, चेसिस नंबर फक्त व्ही-एट आहे एवढं सांगतो. तिथे इंजिनावरचा ‘डीझेड’ कोड, तारखा आणि गाडीची घडण बघावी लागते. एक पटकन होणारी चाचणी आहे: त्या झेड-२८ ला फॅक्टरीने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला नाही आणि एसीही दिला नाही. जाहिरातीत ‘ओरिजिनल फॅक्टरी एसी’ लिहिलेलं वाचून मी हसतो आणि टॅब बंद करतो.

पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७, १९७३ ची, मागे ते बदकाच्या शेपटीसारखं उचललेलं इंजिनचं झाकण, अशा १५८० बनल्या आणि आज रस्त्यावर त्यापेक्षा जास्त दिसत असतील असं आम्ही गमतीत म्हणतो. खरीचा चेसिस नंबर ९११३६० ने सुरू होतो आणि इंजिन टाइप ९११/८३. साध्या ९११ टी ला शेपटी, रुंद मागचे फेंडर आणि दारावर अक्षरं लावली की लांबून ओळखू येत नाही. निसान स्कायलाइनची पहिली जीटी-आर कूपे असेल तर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवर) केपीजीसी१० पाहिजे आणि बॉनेटखाली चोवीस व्हॉल्व्हचं एस२० इंजिन, नुसतं केजीसी१० असेल तर ती साधी जीटी. फेरारी २५० जीटीओ ३६ बनल्या. चार सीटांच्या बिचाऱ्या २५० जीटीई किती कापल्या गेल्या त्यांच्या नकला करायला, त्याचा हिशेब करायला नको. शेल्बी कोब्रा मूळच्या हजाराच्या आत, नंबर सीएसएक्स२००० आणि सीएसएक्स३००० च्या मालिकेत, आणि सीएसएक्स४००० वगैरे नंबरच्या गाड्या शेल्बीनेच नंतर बनवलेल्या आहेत, त्या बनावट नाहीत पण साठच्या दशकातल्याही नाहीत. नक्कल असणं वाईट नाही, मी स्वतः एक नकली कोब्रा चालवतो आणि मजा येते. नक्कल म्हणून विकली पाहिजे, बस्स.

फोर्डसाठी १९६७ पासूनचा डेटा मार्टी रिपोर्टमध्ये मिळतो, एमजी, ट्रायम्फ, मिनीसाठी ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट, पोर्शेच्या जुन्या गाड्यांची कार्डेक्स नावाची कार्डं. तुम्हाला ई-टाइपच घ्यायची आहे म्हणून यात जास्त शिरत नाही.

आता पत्रा. लोहचुंबक खिशात ठेवा असं सगळे सांगतात आणि ई-टाइपच्या स्टीलवर ते बरोबर आहे. चुंबक चिकटत नसेल किंवा अर्धवट धरत असेल तर खाली पुट्टीचा जाड थर आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर असेल तर आणखी चांगलं, साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असेल तर फॅक्टरीच्या रंगासारखं, तीनशेच्या वर गेलं की पुन्हा रंगवलंय, हजाराच्या पुढे गेलं की खाली पुट्टी. जुन्या लॅकर रंगात आणि चांगल्या रिस्टोरेशनमध्ये हे आकडे इकडेतिकडे होतात, म्हणून आकड्यापेक्षा एका पॅनलवरून शेजारच्या पॅनलवर जाताना होणारी उडी बघा. फक्त कोर्व्हेटवर चुंबक फिरवू नका, तिची बॉडी पहिल्यापासून फायबरग्लासची. कोब्रात तर आणखी मजा, खरी अ‍ॅल्युमिनियमची, नकली बहुतेक फायबरची, चुंबक दोघींनाही चिकटत नाही. आणि अल्फा रोमियोच्या १९६५ च्या जीटीए मध्ये उलटंच, बाहेरचे पॅनल अ‍ॅल्युमिनियमचे म्हणून चुंबक चिकटलं तर संशय घ्यायचा. ई-टाइपमध्ये मी सिल (दाराखालचा पट्टा), फ्लोअर आणि मागच्या सस्पेन्शनच्या जागा खालून बघतो. फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर बारीक गोल खड्ड्यांसारखे दिसतात. तिथे सलग वेल्डिंगची कड दिसली किंवा जाडजूड काळं अंडरकोटिंग ताजं फासलेलं असेल, तर वरून कीर्तन आतून तमाशा.

मग प्रश्न राहतो की हे सगळं लांबून कसं बघणार. चाळीस फोटोंचं कौतुक करू नका, त्यातले पस्तीस सूर्यास्ताचे असतात. आधी तेच फोटो रिव्हर्स इमेज सर्चला टाका, कधीकधी तीच गाडी तीन वर्षांपूर्वीच्या लिलावात वेगळ्या नंबरने, वेगळ्या वर्णनाने, ‘नॉन-मॅचिंग’ म्हणून विकलेली निघते. जुन्या लिलावांची पानं नेटवर राहतात, चेसिस नंबर टाकूनही शोधा. मग व्हिडिओ कॉल मागा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नाही, लाइव्ह. कॉलवर तुम्ही सांगाल तिथे त्याने कॅमेरा न्यायचा. फ्रेमवरच्या नंबरपासून सुरू करून कॅमेरा बंद न करता मागे घ्यायचा म्हणजे नंबर आणि गाडी एकाच दृश्यात येतात, मग ब्लॉक, मग हेड, मग गिअरबॉक्स. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारायला सांगा, सावलीत घासलेली जागा उठून दिसते, समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये सगळंच गुळगुळीत दिसतं. आणि आधीच बजावून ठेवा की नंबर नीट दिसावा म्हणून सँडपेपर मारू नका, कापडाने पुसलं तरी पुष्कळ. एका भल्या माणसाने मला मदत करायच्या उत्साहात खरा नंबर घासून घासून संशयास्पद करून ठेवला होता. आधी बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याचं दाखवून मग इंजिन सुरू करायला सांगा.

कागदांवरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्याचं नाव, तिन्ही एक पाहिजेत. ‘गाडी माझ्या भावाची, खातं माझ्या पार्टनरचं’ म्हणाला की तिथेच थांबा. विकणाऱ्याने स्वतः सुचवलेली एस्क्रो साइट (व्यवहार होईपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणारी) कधीच वापरू नका, ती साइट बरेचदा त्याचीच असते. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची नोंद आहे का हे गाडी ज्या देशात आहे तिथल्या अधिकृत रजिस्टरमधून तुम्ही स्वतः काढा. आणि जुनी कागदं मागा, जितकी कंटाळवाणी तितकी चांगली: जुनी नोंदणी पुस्तकं, सर्व्हिसची बिलं, वार्षिक तपासणीचे दाखले, मालकांची पत्रं. साठ वर्षांच्या गाडीकडे तीस वर्षांची कागदं असली तरी खूप झालं, पण मध्ये पंधरा वर्षांचा खड्डा असेल तर तेव्हा गाडी कुठे होती हे विचारायचं, बहुतेक घोटाळे अशा खड्ड्यातच झालेले असतात. मीटरचं रीडिंग मी फार मनावर घेत नाही, पाच आकडी मीटर लाखाला पुन्हा शून्यावर येतं. बिलांवरची रीडिंग मात्र क्रमाने वाढत गेलेली दिसली पाहिजेत.

शेवटी तिथे एक माणूस पाठवावाच लागतो, त्याला पर्याय नाही. ई-टाइपचाच जाणकार पाहिजे, कुठलाही चांगला मेकॅनिक नव्हे, आणि विकणाऱ्याने सुचवलेला तर नाहीच. क्लबकडून नाव घ्या, फी तुम्ही भरा, गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि त्याला वर लिहून घेतलेली दाव्यांची यादी द्या म्हणजे तो ‘गाडी छान आहे’ असा रिपोर्ट न देता प्रत्येक दाव्यासमोर काय दिसलं ते लिहील. टोकन द्यायचंच असेल तर रिपोर्टनंतर, आणि करारात एक ओळ: चेसिस, इंजिन, हेड, गिअरबॉक्स यांपैकी कुठलाही नंबर सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर टोकन पूर्ण परत. खरा विकणारा यावर फारसा वाद घालत नाही.

नंबर जुळले नाहीत तर गाडी सोडायची का? मी तरी लगेच सोडणार नाही. बदललेल्या इंजिनाची पण घट्ट, सरळ बॉडीची ई-टाइप चालवायला मॅचिंग नंबरवाल्या शोपीसपेक्षा बरी, लोणच्यासारखी जपून ठेवावी लागत नाही. फक्त ती त्या भावात घ्यायची. तुम्ही ती चालवणार आहात की ठेवणार आहात हे प्रश्नात नव्हतं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आज रात्री त्याला एवढंच पाठवा: ‘गाडी आवडली. फ्रेमवरचा चेसिस नंबर, ब्लॉकवरचा आणि हेडवरचा इंजिन नंबर, गिअरबॉक्सवरचा नंबर, यांचे न घासलेले फोटो आजची तारीख लिहिलेल्या कागदासोबत पाठवा. उद्या-परवा वीस मिनिटं व्हिडिओ कॉल जमेल का? त्यानंतर माझा माणूस येऊन गाडी लिफ्टवर बघेल, खर्च माझा.’ फोटो आले तर आधी सुरुवातीची अक्षरं बघा, १ई३ आणि ७ई. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव काढून पुन्हा टोकनच मागितलं, तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्या.